दंडाची पावती : बालाघाटातील एका पारधी वस्तीचे विस्थापन

या प्रकरणातील गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेवर आहे. खटला अजून न्यायालयात आहे आणि विस्थापित कुटुंबांतील काही माणसे आजही त्याच शिवारात मजुरीला जातात. म्हणून गावाचे, तालुक्याचे वा कोणाही व्यक्तीचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्या वेळी तालुक्याच्या गावी एका लहान संस्थेत काम करत होतो. आमचे काम मुख्यतः ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेचे होते. विस्थापितांच्या संरक्षणाचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नव्हता. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतल्या निम्म्या या अननुभवातून झाल्या आणि उरलेल्या घाईतून.

गावाच्या पश्चिमेला, पाझर तलावाच्या वरच्या अंगाला गायरान, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन, आहे. त्यावर पारध्यांची वस्ती होती : अकरा चुली, लहानथोर मिळून एकसष्ट माणसे. कुडाच्या भिंती, वर पाचट आणि काळा प्लास्टिकचा कागद अशा कोप्या. त्यांतल्या दोन कोप्यांना पत्रे आणि विटांचा ओटा. बायका कापूस वेचायला व खुरपायला जात, पुरुषांपैकी काही ऊसतोडीला, काही वीटभट्टीवर. वस्तीतली सर्वांत जाणती बाई, जिला सगळे नुसते आजी म्हणत, ती लग्न होऊन याच गायरानावर आली होती आणि तिची नातवंडे आता लग्नाच्या वयाची होती. म्हणजे लोक 'फिरस्ते' होते हे जे पुढे वारंवार सांगितले गेले, ते दोन पिढ्यांपूर्वी खरे असेल, आता नव्हते.

वैशाखात, गावाला टँकर सुरू असताना, विहिरींवरच्या पाणबुडी मोटारी आणि केबल पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा चोरीला गेल्या. उसनवारी करून बसवलेली मोटार गेली म्हणजे जनावरांच्या वैरणीचा शेवटचा तुकडा गेला. त्या रागात खोटे काही नव्हते. खोटा होता तो त्या रागाने धरलेला रस्ता, आणि तो रस्ता नवा नव्हता. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचा कायदा होता, आणि देशभरातील ही व्यवस्था १९५२ साली रद्द झाली. कायदा गेला तरी चोरी झाली की पहिल्यांदा कोणाच्या कोपीकडे बघायचे, याची सवय राहिली. त्या रात्री दहाच्या सुमारास शे-सव्वाशे माणसे गायरानावर गेली. मारहाण झाली, कोप्या पेटवल्या गेल्या. वस्तीतली माणसे अंधारात घाट उतरून चालत राहिली आणि पहाटे तालुक्याच्या बसस्थानकावर येऊन बसली. कोणी मेले नाही. 'कोणी मेले तर नाही ना,' हे वाक्य पुढच्या सहा महिन्यांत मी निरनिराळ्या कार्यालयांत इतक्या वेळा ऐकले की प्रकरण त्या वाक्यापाशीच मिटते असे सर्वांनी गृहीत धरले असावे, असे वाटू लागले.

कायद्याच्या भाषेत ही माणसे निर्वासित नव्हती. निर्वासित म्हणजे देशाची सीमा ओलांडलेला माणूस. त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्यावर भारताने सही केलेली नाही. स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच तालुक्यात बावीस किलोमीटर चालत येऊन उघड्यावर बसलेल्या माणसासाठी असा कोणताही जागतिक करार नाही. संयुक्त राष्ट्रांपुढे १९९८ साली फ्रान्सिस डेंग यांनी अंतर्गत विस्थापितांविषयीची तीस मार्गदर्शक तत्त्वे मांडली. ती बंधनकारक नाहीत, पण काम करताना विचार कसा करावा हे ती नेमके सांगतात. परत जाणे हे स्वेच्छेने, सुरक्षितपणे आणि सन्मानाने व्हावे, किंवा दुसरीकडे वसायचे असेल तर तेही त्याच अटींवर व्हावे, आणि हे ठरवण्यात विस्थापितांचा पूर्ण सहभाग असावा, असे अठ्ठाविसावे तत्त्व म्हणते. मला ते तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर दुसऱ्या महिन्यातली मोठी चूक कदाचित टळली असती.

मराठवाड्याला विस्थापन नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली, तेव्हा बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचे कर्ज आले, आराखडे झाले, घराचे चौरस फूट ठरले. त्या पुनर्वसनावर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्तही होती, पण ज्यांचे घर पडले त्यांचे घर होते, हे कोणी नाकारले नाही. निसर्गाने उठवलेल्या माणसाला सरकार आपले मानते. शेजाऱ्याने उठवलेल्या माणसाला आधी सिद्ध करावे लागते की तो तिथे होता. याचे दुसरे उदाहरणही याच मातीतले आहे : २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाल्यावर उसळलेल्या हिंसाचारात अनेक दलित कुटुंबांना गाव सोडून जावे लागले. ही आठवण या प्रकरणात नुसती पार्श्वभूमी म्हणून आलेली नाही. पुढे तिनेच निवारा दिला.

पहिल्या दिवशी बसस्थानकावर दुपारपर्यंत कोणी विचारले नाही. दुपारी पोलीस आले आणि त्यांनी 'इथं गर्दी करू नका, आपापल्या नातेवाइकांकडं जा' असे सांगितले. आम्हाला बातमी कळली ती संध्याकाळी, आमच्या वर्गात येणाऱ्या एका मुलाच्या आईकडून. आम्ही एका मंगल कार्यालयाच्या मालकाला गळ घातली. लग्नसराई आहे, असे त्यांनी सांगितले, आणि ती होतीच. शेवटी शहराच्या कडेच्या बौद्ध वस्तीतल्या लोकांनी आपले समाजमंदिर उघडले. त्यांच्यातले एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, 'आम्ही अठ्ठ्याहत्तरला तीन आठवडे दुसऱ्याच्या ओसरीवर काढलेत. किल्ली मागायला कामून आलात, कुलूप फोडलं असतं तरी चाललं असतं.' तिथे एकच खोली, एक नळ आणि एक संडास होता. पुढचे एकोणचाळीस दिवस ही माणसे तिथे राहिली, आणि त्यांतल्या पहिल्या आठवड्याचा शिधा त्या वस्तीनेच दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही यादी करायला बसलो. यादी ही या कामातली सर्वांत साधी वाटणारी आणि सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. पहिल्या फेरीत आम्ही कुटुंबप्रमुखाचे नाव विचारले आणि नऊ कुटुंबे झाली. आजीने ती वाचून घेतली आणि विचारले, 'ह्या दोघी कुठं गेल्या?' एका माणसाच्या दोन बायका होत्या आणि दोघींच्या चुली वेगळ्या होत्या. दुसरी एक तरुण विधवा दिराच्या नावाखाली गेली होती. यादी नवऱ्याच्या नावाने झाली असती तर पुढे मदतीच्या प्रत्येक हप्त्यातून या दोघी वगळल्या गेल्या असत्या. म्हणून आम्ही यादी फाडली आणि चुलीप्रमाणे नवी केली : कोण कोणाच्या चुलीवर जेवते, एवढा एकच प्रश्न. अकरा चुली हा आकडा तेव्हा आला, आणि तोच पुढे शेवटपर्यंत टिकला.

धोक्याची बाजू त्याच संध्याकाळी समोर आली. पोलीस ठाण्यातून एक कर्मचारी आला आणि त्याने यादीची प्रत मागितली, 'बंदोबस्तासाठी'. आमच्यातला एक जण ती झेरॉक्सला घेऊन निघालाही होता. आजीचा मुलगा त्याच्या मागे धावत गेला. मोटारचोरीच्या गुन्ह्यात संशयित शोधणे चालू होते, आणि सोळा ते तीस वयाच्या प्रत्येक पुरुषाचे नाव, वय व मुक्कामाचा पत्ता असलेला कागद आम्ही स्वतःच्या हाताने तयार करून ठेवला होता. त्यानंतर दोन याद्या झाल्या. एक नावाशिवाय, फक्त चुलीमागे माणसे, लहान मुले, गरोदर व आजारी यांची संख्या. ती किराणा देणाऱ्याला, दवाखान्याला, मागेल त्याला द्यायची. दुसरी नावांची, ती उपविभागीय अधिकाऱ्यांच्या हातात पोच घेऊन द्यायची आणि आमची प्रत कार्यालयात न ठेवता वकिलांकडे ठेवायची. पोलिसांना तपासासाठी नावे हवी असतील तर लेखी मागणी करावी, असे आम्ही कळवले. लेखी मागणी कधी आली नाही.

फिर्यादीचे प्रकरण लांबले. पोलीस ठाण्यात सुरुवातीला 'अज्ञात इसमांनी आग लावल्याची' नोंद घेण्याची तयारी दाखवली गेली. पारधी ही महाराष्ट्रात अनुसूचित जमात आहे, त्यामुळे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा येथे सरळ लागू होत होता. या कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला घर, गाव किंवा राहते ठिकाण सोडायला भाग पाडणे हा पहिल्यापासूनच स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. राहते घर आगीने नष्ट करण्याला तर जन्मठेपेची शिक्षा आहे. प्रश्न आला जातीच्या पुराव्याचा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि अकरा चुलींत मिळून असा एकही कागद नव्हता. जे होते ते कोपीबरोबर जळाले, असे म्हणणे सोपे आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर जळण्यासारखेही फारसे नव्हते. एका मुलीने आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिक्षण घेतले होते; तिचा शाळा सोडल्याचा दाखला शाळेकडून पुन्हा मिळवला, त्यावर जातीच्या रकान्यात 'पारधी' असे लिहिले होते. पाचव्या दिवशी फिर्याद तिच्या नावाने आणि योग्य कलमांखाली नोंदली गेली. त्याच दिवशी गावाकडून वस्तीतील सहा पुरुषांविरुद्ध दरोड्याची फिर्याद दाखल झाली. मराठवाड्यात अशा कामात ज्यांनी चार वर्षे काढली आहेत त्यांना या 'क्रॉस केस'चे आश्चर्य वाटणार नाही.

आता पावतीकडे येतो, कारण हे प्रकरण माझ्या मते तिच्यावर उभे आहे. कायद्याच्या नियमांनुसार दंडाधिकारी आणि पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी यांनी घटनास्थळी जाऊन पीडितांची व नुकसानीची यादी करायची असते, आणि तातडीची मदत सात दिवसांत द्यायची असते. सहाव्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्याबरोबर गायरानावर गेलो. तिथे काहीच नव्हते. राख नव्हती, पत्रे नव्हते, ओट्याच्या विटाही नव्हत्या. आदल्या दिवशी गावाने जेसीबी लावून जागा 'साफ' केली होती. चाकांचे ओळीने उमटलेले व्रण आणि एका बाजूला ढकललेली माती दिसत होती. जमलेल्यांपैकी एकाने शांतपणे सांगितले, 'साहेब, इथं कोणीच राहत नव्हतं. पालं टाकून चार दिवस थांबायचे आन जायचे.' पंच म्हणून उभे असलेल्या दोघांनी माना डोलावल्या. आमच्याकडे जबाब होते, पण जबाब देणारे फिर्यादीच होते. ग्रामपंचायतीच्या घरांच्या आकारणीत त्यांचे नाव नव्हते, वीजबिल नव्हते, नळपट्टी नव्हती. मतदार यादीत चार नावे होती, पण पत्ता नुसता गावाचा.

आजी आमच्याबरोबर आली होती. तिने कमरेची पिशवी सोडली. आत तंबाखूची डबी होती आणि तिच्याखाली दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले, घड्यांवर फाटत आलेले सात कागद. तिला वाचता येत नव्हते. त्या पावत्या होत्या, गायरानावर अतिक्रमण केल्याबद्दल तलाठ्याने वसूल केलेल्या दंडाच्या. शासकीय जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्याकडून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या पन्नासाव्या कलमाखाली दंड घेता येतो आणि त्या अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये होते. सर्वांत जुनी पावती १९८७ सालची होती, आजीच्या नवऱ्याच्या नावाची. 'मालकानं सांगितलं व्हतं, घर गेलं तरी चालंल, ह्ये जाऊ द्यायचं न्हाई,' असे ती म्हणाली. ती आग लागल्यावर नातवाला उचलून पळाली होती आणि दुसऱ्या हातात ही पिशवी होती.

तलाठी भाऊसाहेबांनी दप्तर मागवले. नमुना १-ई च्या जुन्या वहीत तीन नावे निघाली, गट नंबर तोच. ज्या शासनाने या लोकांना पाणी, रस्ता, रेशनकार्ड यांपैकी काहीही दिले नव्हते, त्याने त्यांच्याकडून दंड मात्र नेमाने घेतला होता, आणि ते इथे राहत होते याचा एकमेव सरकारी पुरावा तोच ठरला. उपविभागीय अधिकाऱ्यांनी पंचनाम्यात वहीचा उतारा आणि पावत्यांच्या नकला जोडल्या. माझ्या मते त्या दिवशी त्या अधिकाऱ्यांनी इतर काही केले नसते तरी चालले असते. मराठवाड्यातील गायरान हक्काच्या चळवळीत काम केलेल्यांना या पावत्यांचे मोल चांगले ठाऊक आहे, कारण २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट खुली केली, आणि त्या वाटेवर पुरावा म्हणून माणसे हेच कागद घेऊन उभी राहिली. आजीच्या नवऱ्याने त्या वेळी अर्ज केला नव्हता. का, हे विचारल्यावर ती म्हणाली, 'कोण करणार? अर्ज लिव्हायचे बी पैसे पडतेत.'

यानंतरचा पेच आम्ही ओळखायला हवा होता. पावत्यांमुळे जागेवरचा हक्क बळकट झाला. हक्क बळकट झाल्यामुळे जागा सोडणे महाग झाले. आमचे वकील सांगत होते की ताबा सुटला की दावा सुटला. तहसील कार्यालयाला हे प्रकरण विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनापूर्वी मिटायला हवे होते. गावच्या तंटामुक्ती समितीने निरोप पाठवला की लोकांनी परत यावे, झाले गेले विसरावे, फक्त एका कागदावर सह्या कराव्यात. तो कागद फिर्याद मागे घेण्याचा होता, जी अशा रीतीने मागे घेता येत नाही हे समितीलाही माहीत असावे. वस्तीतले पुरुष परत जायला तयार होते, कारण त्यांना जागेचे महत्त्व कळत होते. आणि मी, ज्याला पावती पाहून उमाळा आला होता, त्यालाही परत जाणे हाच न्याय वाटत होता. पाचही बाजू वेगवेगळ्या कारणांनी एकाच उत्तरापाशी आल्या होत्या. अशा वेळी थांबून शंका घ्यायची असते. मी ती घेतली नाही.

पोलीस बंदोबस्ताच्या लेखी आश्वासनावर पहिल्या दोन चुली परत गेल्या. उरलेल्या नऊ त्यांच्या पाठोपाठ जायच्या होत्या. आम्ही बांबू आणि ताडपत्री दिली, जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन मुलांचे नाव घातले. बंदोबस्त तेवीस दिवस राहिला, मग एका यात्रेसाठी उठवला गेला आणि परत आला नाही. मारहाण पुन्हा झाली नाही. पण गावच्या दुकानात माल मिळेना, हातपंपावर बायकांना मागे थांबवले जाऊ लागले, आणि तलावाच्या बांधावरून जाणाऱ्या एका मुलीच्या मागे मोटारसायकली फिरू लागल्या. परतल्यापासून सातव्या आठवड्यात ती दोन्ही कुटुंबे रात्री, कोणी न हाकलता, पुन्हा समाजमंदिराकडे निघून आली. उरलेले लोक तोवर तिथून हलून शेजारच्या रिकाम्या जागेत पाले टाकून राहिले होते. माझ्या आग्रहामुळे दोन कुटुंबे दुसऱ्यांदा विस्थापित झाली. पहिल्या वेळेचा गुन्हा तरी नोंदवता आला. दुसऱ्या वेळेला नोंदवण्यासारखे काही कोणाच्या हातात नव्हते.

तेव्हा आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने सुचवले की बायकांना वेगळे विचारावे. हे पहिल्याच आठवड्यात व्हायला हवे होते. दुपारी पुरुष कामावर गेले असताना त्या पालाच्या सावलीत बसल्या आणि तीन तास बोलल्या. त्यांच्या बोलण्यात जागा, हक्क, ताबा हे शब्द एकदाही आले नाहीत. पाणी कोणत्या पंपावर, बाहेर बसायला कोणत्या वाटेने, अंधार पडल्यावर मुलींना कुठे ठेवायचे, एवढेच होते. विधवा तरुणी म्हणाली, 'कामून जावं आमी तिथं? जागा दादल्यांच्या नावावर व्हईल, शिव्या आमाला बसतील.' दोघींना मात्र परत जायचेच होते. त्यांची तान्ही मुले त्या गायरानात पुरलेली होती. आजी काही बोलली नाही. उठताना तिने एवढेच सांगितले की ज्यांना जायचे त्यांनी जावे, ज्यांना राहायचे त्यांनी राहावे, पण कोणाला विचारून ठरवू नये. 'कोणाला' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिले.

त्यानंतर आमचे काम बदलले. आम्ही कोणत्याही एका उत्तराचा पाठपुरावा सोडला आणि दोन्ही वाटा उघड्या राहतील असा प्रयत्न सुरू केला. वकिलांशी बोलल्यावर कळले की ताबा सुटतो हे अर्धेच खरे होते : बळजबरीने हाकलले गेले याची सरकारदरबारी नोंद असेल, तर जागा सोडणे ही स्वखुशी ठरत नाही. म्हणून पंचनाम्याचा हवाला देऊन, लोक भीतीमुळे बाहेर आहेत आणि हक्क सोडलेला नाही, असा अर्ज अकराही चुलींच्या नावे तहसीलदारांकडे देऊन पोच घेतली. ही पोच मी समाजमंदिरात वाचून दाखवली, तेव्हा आजीने ती मागून घेतली आणि दुधाच्या पिशवीत घातली. एवढा एक अर्ज पहिल्या महिन्यात केला असता तर कोणालाही घाईने परत पाठवण्याची गरज पडली नसती.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आहे. तपास आणि खटल्याच्या काळातील प्रवासखर्च, निर्वाहखर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन, गरज पडल्यास दुसरीकडे हलवणे, ही सर्व राज्याची जबाबदारी तिथे लिहिलेली आहे. कागदावर ते उत्तम आहे. प्रत्यक्षात प्रवासखर्च मिळायला लागला तो आम्ही प्रत्येक तारखेच्या एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा जोडू लागल्यावर. पहिल्या टप्प्याची मदत आली, सात दिवसांत नव्हे पण आली. जळालेले घर शासनाच्या खर्चाने बांधून देण्याची तरतूद मात्र अजून अडकलेली आहे, आणि तिचे अडकणे मोठे नमुनेदार आहे : घर बांधायला स्वतःची जागा हवी, जागा तर अतिक्रमणाची आहे, आणि अतिक्रमण नियमित करायला तिथे राहत असल्याचे दाखवावे लागते. दुसरीकडे जागा घ्यायची तर दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजनेत तेव्हा पन्नास हजार रुपये मिळत. तालुक्याच्या गावाला लागून त्या पैशांत दारापुढचे अंगणही येत नव्हते. आदिवासींसाठीच्या शबरी घरकुल योजनेसाठी जातीचा दाखला हवा होता आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय जिल्ह्यात नव्हते.

जे काम झटपट झाले ते मुलांचे. शाळेत दाखला मागितला गेला, पण शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे मुख्याध्यापकांनाच आमच्याआधी माहीत होते. त्यांनी अठरा मुले वयानुसार वर्गांत बसवली आणि जन्मतारखेच्या रकान्यात काय लिहायचे यावर आजीशी अर्धा तास चर्चा केली. ती वर्षे दुष्काळ आणि लग्ने यांवरून मोजत होती.

दीड वर्षानंतर स्थिती अशी होती. तीन चुली स्वतः ठरवून गायरानावर परत गेल्या. त्यांना तसे करता आले त्याचे श्रेय आमच्याकडे नाही. गायरानाला लागून रान असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने, ज्याची मोटारही चोरीला गेली होती, आपल्या विहिरीवरून पाणी भरायला त्यांना वाट दिली आणि तसे चारचौघांत सांगितले. मोटारचोरीत पुढे तालुक्याबाहेरची भंगार विकणारी टोळी पकडली गेली. दरोड्याच्या क्रॉस केसमध्ये सहापैकी चौघांची नावे वगळली गेली, दोघे अजून तारखांना जातात. दोन चुली नातेवाइकांकडे शेजारच्या जिल्ह्यात गेल्या. उरलेल्या सहा, त्यांत आजी आणि ती तरुण विधवा, तालुक्याच्या गावाबाहेर वीटभट्ट्यांच्या पलीकडे पडीक शासकीय जमिनीवर राहतात. अत्याचाराच्या खटल्यात सतरा साक्षीदारांपैकी पाच जण उलटले, त्यांत एक पंच आहे. नमुना १-ई चा उतारा उलटू शकत नाही, यावर सरकारी वकिलांची भिस्त आहे.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या सहा चुलींकडे गेलो होतो, तेव्हा आजी घरी नव्हती. ती तलाठी कार्यालयात गेली होती, आणि मी तिथे पोहोचलो तेव्हा नव्या सज्जाचे तरुण तलाठी तिला काही समजावून सांगत होते. टेबलावर दुधाची पिशवी उघडलेली होती. तिचे म्हणणे असे होते की आम्ही सरकारी जमिनीवर राहायला आलो त्याला आता वर्ष झाले, तरी दंड कोणी लावला नाही. तो लावावा आणि पावती द्यावी. तलाठ्यांनी तिला सांगितले की सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर अतिक्रमणे काढण्याचे आदेश आहेत, नवी नोंद घेता येत नाही, आणि दंड लावला तर पाठोपाठ नोटीसही काढावी लागेल. तिने ते ऐकून घेतले. मग १९८७ ची पावती बोटाने सरळ करत म्हणाली, 'नोटीस बी द्या भाऊसाहेब. पर तारीख टाकून द्या.'